दुसऱ्याच्या घरात केलेला चहा

गुरुग्राममधल्या एका खासगी विद्यापीठात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना लिहायला शिकवते. निबंध कसा बांधायचा, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर ते अवतरणात कसं ठेवायचं, माहिती कुठून आणली हे कसं सांगायचं, एवढाच माझा विषय. हे काम बरीच वर्षं केलं की निवांत वाचता येईनासं होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची श्रद्धांजली वाचतानाही मनात येतं, हे दुसरं वाक्य याचं स्वतःचं नाही. मुलं मशीनकडून लिहून आणायला लागली तेव्हापासून तर हा चाळा फारच वाढला. सगळे निबंध सारखेच स्वच्छ, सारखेच समजूतदार. वर्गात शिरताना मला कधीकधी वाटायचं की आपण शिक्षक नाही, मॉलच्या दारावरचे सिक्युरिटीवाले आहोत, प्रत्येकाची बॅग उघडून बघणारे.

म्हणून त्या सत्रात मी वेगळा विषय दिला. घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाशी बसून बोला, त्याची एक आठवण लिहा, आणि शेवटी सांगा की कोणती गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, कुठे वाचली, आणि ती वापरायची परवानगी घेतली का. मला वाटलं, आजी-आजोबा तरी मशीनकडे मिळणार नाहीत.

मी आणि आई गाझियाबादला राहतो. तिथून गुरुग्राम म्हणजे दिल्लीचं एक टोक ते दुसरं टोक. मेट्रो बदलून जाता-येता दिवसातला मोठा भाग गाडीतच जातो. निबंध मी गाडीतच वाचते, फोनवर. त्या संध्याकाळी बसायला जागा नव्हती. दाराशी टेकून मी एका मुलीचा निबंध उघडला. मागच्या बाकावर बसणारी, कधी हात वर न करणारी मुलगी. आडनावावरून मराठी आहे हे मला माहीत होतं, पण आम्ही कधी मराठीत बोललो नव्हतो. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला तिच्या निबंधात काहीच सापडलं नव्हतं. जुळणी शून्य.

पहिला परिच्छेद वाचून मला बरं वाटलं. साताऱ्याकडची नवी नवरी, लग्न होऊन दिल्लीत येते, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. हिंदी येत नाही. दुसऱ्या परिच्छेदात ती भाजी आणायला एकटी बाहेर पडते. आणि तिसरा परिच्छेद सुरू होण्याआधीच मला कळलं की आता पुढे काय होणार.

सगळी क्वार्टर्स सारखी असतात. तोच पिवळा रंग, तोच जिना, तेच हिरवं दार. ती परतते आणि भलत्याच ब्लॉकमधल्या भलत्याच घरात शिरते. दार उघडंच असतं. पिशवी ठेवते, पाणी पिते, चहाचं आधण ठेवायला स्टोव्ह पेटवते. आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं. "आमचा स्टोव्ह खोकत खोकत पेटायचा, हा एका काडीत पेटला." ती वळून बघते तर मागे दारात त्या घरची म्हातारी पंजाबी बाई उभी. ती ओरडत नाही. एक शब्द न बोलता फडताळातून दुसरा कप काढून ओट्यावर ठेवते.

हा माझ्या आईचा लेख होता. दिल्लीतल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मी शाळेत असताना छापून आलेला. नुसता छापलेला नाही. आईने तो स्टेजवर वाचला होता, आणि लोक हसून हसून लोळले होते. खोकणारा स्टोव्ह तर आमच्या नात्यागोत्यात म्हणीसारखा झाला होता. माझ्या लग्नातही कुणीतरी आईला ती गोष्ट सांगायला लावली होती. या मुलीने तो लेख उचलून इंग्रजीत उतरवला होता आणि खाली लिहिलं होतं: माझ्या आजीने सांगितलेली आठवण.

मी एक स्टेशन पुढे गेले. उतरून उलटी गाडी पकडायची तर पुलावरून पलीकडे जायला हवं होतं, पण मी फलाटावरच येरझारा घालत राहिले. भाषांतर करून चोरलं की सॉफ्टवेअरला कळत नाही, हे आम्ही शिक्षक एकमेकांना नेहमी सांगतो. पण मूळ वाचलेला माणूस समोर असेल असं तिला वाटलं नसणार. आणि ती गोष्ट माझ्या आईची होती. राग आला, पण त्यात थोडा आनंदही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं मी बॅगा तपासत होते, आणि पहिल्यांदाच मला आतली वस्तू ओळखता आली होती.

घरी आल्यावर कपाटाच्या वरच्या खणातून स्मरणिका काढली, लेखाचे फोटो काढले. आईला तेव्हा काही बोलले नाही. ती लवकर झोपते.

दुसऱ्या दिवशी तासानंतर मी त्या मुलीला थांबवलं. फोनवर लेखाचं पान उघडून समोर धरलं आणि मराठीत विचारलं, हे कधी पाहिलंय का. तिने पान बोटांनी मोठं करून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाली, पाहिलंय, आजीकडे आहे हा अंक. मग लेखिकेचं नाव का घातलं नाहीस, असं विचारल्यावर तिने वह्या बॅगेत भरायला घेतल्या. आजीशी खरंच बोललीस का, विचारलं. बोलले, म्हणाली. मग आजी जे बोलली ते यात कुठे आहे? त्यावर तिने मान खाली घातली आणि बॅगेची चेन उघडझाप करत राहिली.

शेवटी म्हणाली, "मॅम, तुम्ही जे मार्क द्याल ते चालतील. झिरो दिला तरी चालेल, सच में. फक्त आजीला फोन नका करू."

तिने रडून दाखवलं असतं, खोटं सांगितलं असतं, तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. मुलं नेहमी तेच करतात. ही मुलगी शिक्षा मागत होती आणि कारण सांगत नव्हती. पण माझ्या डोक्यात आईचा लेख होता. त्याच दुपारी मी विभागाच्या समितीकडे तक्रार पाठवली, दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून. समितीचे प्रमुख माझ्या ओळखीचे, मनमोकळे गृहस्थ. त्यांना मी सांगितलं की मूळ लेखिका माझी आई आहे. ते हसले. म्हणाले, मग तुमच्यापेक्षा चांगला साक्षीदार कोण मिळणार.

परतीच्या वाटेवर मला स्वस्थ बसवेना. ते फोनचं काय होतं? आजीला फोन का नको?

आई ऐंशीच्या पुढची आहे, पण डोकं तल्लख. संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं होतं ती हसेल, थोडी सुखावेलही. इतक्या वर्षांनी आपलं लिखाण कुणीतरी चोरावं यात एक मान असतोच. ती हसली वगैरे काही नाही. फक्त विचारलं, मुलीचं आडनाव काय. मी सांगितलं. आजी कुठली? साताऱ्याकडची, निबंधात तसं आहे, मी म्हणाले, पण ते तर तुझ्याच लेखातलं... आणि बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं. आईचं माहेर, म्हणजे माझं आजोळ, नागपूरचं. आईचा साताऱ्याशी काही संबंध नव्हता. तिच्या लेखात नवरी नागपूरहून येते. सातारा त्या मुलीने घातला होता.

आईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"तक्रार मागे घे," ती म्हणाली.

"का?"

"ती गोष्ट त्यांचीच आहे. घडलं तिच्या आजीला. लिहिलं मी."

मग तिने सांगितलं. सरोजिनी नगरला आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. नवरा केंद्र सरकारात, माझ्या वडिलांसारखाच. बायको आईपेक्षा लहान, एकटी, घाबरट. आईला वहिनी म्हणायची. मला त्या वरच्या काकू अंधुक आठवतात. दुपारी जिन्यात बसून दोघी गहू निवडायच्या. मी पहिली-दुसरीत असताना ते दुसऱ्या कॉलनीत राहायला गेले. त्यानंतर काही वर्षांनी स्मरणिकेच्या संपादकांनी आईकडे लेख मागितला, विनोदी काहीतरी द्या म्हणाले. आईला वरच्या काकूंनी जिन्यात सांगितलेली गोष्ट आठवली.

"पण तू 'मी' म्हणून लिहिलंस," मी म्हणाले.

"लेख तसाच लिहितात."

"आणि नंतर? घरी, लग्नात, सगळीकडे 'मी' म्हणूनच सांगितलंस. मला सांगितलंस."

त्यावर ती म्हणाली की एकदा स्टेजवर वाचल्यावर मागे येता येत नाही. तिला विचारलं होतंस का, असं मी विचारलं. आई जरा चिडली. तेव्हा असं विचारायची पद्धत नव्हती, म्हणाली. शेजारीण शेजारणीला सांगते तेव्हा ती काय सही घेऊन सांगते?

मी उठून गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. गंमत म्हणजे मला आईचा राग येण्याआधी स्वतःची कीव आली. त्या गोष्टीवर मी वाढले होते. भित्र्या माणसालाही परक्या गावात कुणीतरी कप काढून देतं, हे मी त्या गोष्टीतून शिकले होते. नव्या मुलांना पहिल्या तासाला मी तीच गोष्ट सांगत असे: माझी आई दिल्लीत आली तेव्हा. आता कळलं की आई दिल्लीत आली तेव्हा असं काही झालंच नव्हतं. ती आली तेव्हा माझे वडील स्टेशनवर न्यायला गेले होते, आणि तिला हिंदी उत्तम येत होतं. नागपूरच्या माणसाला हिंदी येणार नाही का? इतकी वर्षं हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. आणि मी लोकांच्या वाक्यांमधल्या फटी शोधायचं काम करते.

आई आत गेली आणि स्वयंपाकाला लागली. जेवताना म्हणाली, "मला तिच्याकडे घेऊन चल."

विद्यापीठाच्या नोंदीतून घरचा नंबर काढणं मला शक्य होतं, पण ते बरोबर वाटलं नाही. मी पुन्हा त्या मुलीलाच गाठलं, कँटीनच्या मागे, आणि सांगितलं की त्या लेखाखाली जिचं नाव आहे ती माझी आई, आणि तिला तुझ्या आजीला भेटायचंय. आजीला विचार, नको म्हणाली तर नको. मुलगी दचकली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आवडलं नाही. भीती होती ती.

"मॅम, तुमच्या आईने तुम्हाला सगळं सांगितलं?"

मी हो म्हणाले. मला वाटत होतं की सांगितलंय.

आजी हो म्हणाली. शनिवारी सकाळी या, तेव्हा मुलगा आणि सून घरी नसतात, असा निरोप आला. आम्ही कॅब केली. गाझियाबादहून गुरुग्रामपर्यंत आईने वाटेत काहीही विचारलं नाही, एरवी ती प्रत्येक फ्लायओव्हरचं नाव विचारते. नेसली होती ती साडी चांगली होती. कानातलेही बदलले होते. मी सारखी खिडकीची काच वर-खाली करत होते. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, मॅडम, एसी चालू आहे.

उंच इमारतींची सोसायटी. गेटवर फोटो, लिफ्टला कार्ड. वर दार त्या मुलीनेच उघडलं. तिची आजी सोफ्यावर बसली होती, वॉकर शेजारी. बारीक, गोरी, केस अगदी आखूड कापलेले. तिने आईकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही जाड झालात." आई म्हणाली, "तू वाळलीस." दोघी हसल्या. मला वाटलं, चला, सुटलो.

चहा झाला. कोण गेलं, कोण आहे, जुनी क्वार्टर्स पाडून आता तिथे केवढ्या बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, असं बोलणं झालं. मग आईने एकदम विषयाला हात घातला. म्हणाली, तुझी गोष्ट मी घेतली, तुला न विचारता, माझं नाव लावून. नातीला त्याचा त्रास झाला. माझं चुकलं. आईला माझ्यासमोर असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

काकूंनी कप खाली ठेवला. त्या आईशी नाही, माझ्याशी बोलल्या.

"तुम्हाला वाटतं ना, मी घर चुकले?"

नात आजीच्या शेजारी जाऊन बसली.

"मी चुकले नव्हते. मी निघाले होते. ह्यांनी मारलं होतं सकाळी. पिशवी घेतली ती भाजीला नव्हती, त्यात दोन लुगडी होती. सातारा कुठल्या दिशेला तेही ठाऊक नव्हतं. एक दार उघडं दिसलं, आत गेले. चहा करायला घेतला, कारण दुसरं काय करायचं सुचेना."

त्या पंजाबी बाईला पिशवीतली लुगडी दिसली होती. चहा पिऊन झाल्यावर तिने त्यांना लगेच परत पाठवलं नाही. संध्याकाळपर्यंत तिने त्यांना बसवून घेतलं, आणि मग स्वतः वर येऊन नवऱ्याशी बोलली. काय बोलली ते काकूंना कळलं नाही, हिंदी येत नव्हतं. पण पुढे बरेच महिने हात उठला नाही. मग पुन्हा उठला. हे सगळं त्यांनी जिन्यात बसून आईला सांगितलं होतं, एका दुपारी, गहू निवडताना. सगळं.

मी आईकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"लेख आला तेव्हा," काकू म्हणाल्या, "ह्यांनीच मला जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. आपल्या खालच्या वहिनी काय झकास लिहितात म्हणाले. खूप हसले. मीही हसले. पहिल्यांदा वाटलं, माझं चोरलं वहिनींनी. मग वाटलं, बरं झालं. आता ते माझं राहिलं नाही."

नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या लेखी वडील म्हणजे देव. नातीने निबंधासाठी विचारलं, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून समोर ठेवलं, तेव्हा काकूंच्या तोंडून खरं निघून गेलं. इतक्या वर्षांनी कुणी विचारलं म्हणून. आणि सांगून झाल्यावर त्या घाबरल्या. कपाटातून स्मरणिका काढून नातीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, हे लिहू नकोस, छापलंय तेवढंच लिही.

मी नातीला विचारलं की मग तू तुझ्या शब्दांत का नाही लिहिलंस. तेवढं तर करता आलं असतं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं. तिने चार वेळा सुरुवात केली होती. पण घर चुकलेली बाई लिहायला लागली की हात थांबायचा.

"माझ्या शब्दांत लिहिलं की खरं मध्ये यायचं, मॅम. म्हणून मी फोनने ट्रान्सलेट केलं आणि फक्त गाव बदलून तसंच ठेवलं. त्यात ते नव्हतं ना."

मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले की स्वतःच्या शब्दांत लिहा, म्हणजे चोरी होत नाही. या मुलीला स्वतःच्या शब्दांचीच भीती वाटली होती. आणि लेखिकेचं नाव का नाही घातलं? नाव घातलं असतं तर तुम्ही विचारलं असतं ना, ती म्हणाली, की दुसऱ्या बाईची गोष्ट तुझ्या आजीची कशी.

निघताना मी काकूंना एवढंच म्हणाले की तुमचं जे ऐकलं ते माझ्याकडून कुठे जाणार नाही. त्यांनी मान हलवली, पण तिकडे फार लक्ष नव्हतं. त्या आईचा हात धरून बसल्या होत्या. की आईने त्यांचा धरला होता, ते मला सांगता येणार नाही.

परत येताना कॅबमध्ये मी आईला विचारलं, तुला सगळं माहीत होतं तर विनोदी का केलंस? ती म्हणाली की खरं लिहिलं असतं तर ते त्या अंकात छापलं असतं का. मी म्हणाले, मग लिहायचंच कशाला? तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली की स्वतःवर घेतलं म्हणजे तिला कुणी ओळखणार नाही, असं वाटलं. तिच्या नवऱ्याला संशय येणार नाही.

"तेव्हा वाटलं की आता वाटतंय?" मी विचारलं.

"आता आठवत नाही," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

हे उत्तर मला अजून छळतं. माझी आई खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. पण एखादी गोष्ट वर्षानुवर्षं टाळ्यांसाठी सांगितल्यावर ती आपण का घेतली होती हे तिलाही कुठून आठवणार? असं मी स्वतःला सांगते, आणि दोन दिवसांनी पुन्हा मनात येतं की दोन लुगडी असलेली पिशवी माहीत असताना तिने भाजीची पिशवी लिहिली, आणि ती वाचून लोक हसत असताना ती स्टेजवरून त्यांच्याकडे बघत होती.

सोमवारी मी समितीच्या प्रमुखांना भेटले. सांगितलं की शब्द त्या लेखातले आहेत, ते खरं, आणि त्याबद्दल मुलीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. पण या प्रकरणात मी राहू शकत नाही. गोष्ट माझ्याच घरातून आली आहे आणि मला जे कळलंय ते सांगायची मला मुभा नाही. ते जरा बुचकळ्यात पडले. म्हणाले, अहो, पहिल्या वर्षाचा निबंध आहे. मी म्हणाले, तेच तर. त्यांनी प्रकरण दुसऱ्या एका शिक्षिकेकडे दिलं. मुलीला ताकीद मिळाली आणि निबंध पुन्हा लिहून द्यायला सांगितलं, योग्य ते संदर्भ घालून.

मग ती माझ्याकडे आली, एक अडचण घेऊन. लेखिका म्हणून नाव कुणाचं लिहायचं? आणि आजीची मुलाखत लिहायची तर आजीचं नाव कसं टाळायचं? असे प्रश्न मला दरवर्षी येतात आणि त्यांची उत्तरं माझ्या हँडआउटमध्ये छापलेली आहेत: छापील लेखाला छापलेलं नाव, मुलाखत देणाऱ्याची इच्छा असेल तर नाव राखून. मी ते सांगितलं. ते बरोबर होतं, आणि सांगताना मला पोकळ वाटत होतं. मी म्हणाले, आजीला विचार. आजी म्हणाली म्हणे, वहिनींचंच नाव लाव, लिहिलं तर त्यांनीच.

तिने नव्याने लिहिलेला निबंध त्या दुसऱ्या बाईंनी तपासला, पण मुलीने मला एक प्रत पाठवली. घेतलेली वाक्यं अवतरणात होती. खाली आईचं नाव, स्मरणिका, पान. त्याच्या खाली, सरोजिनी नगरच्या एका जुन्या रहिवासी, नाव राखून. आणि शेवटी एक वाक्य होतं, तिचं स्वतःचं, थोडंसं वाकडं इंग्रजी: ही आठवण मला दोन रूपांत मिळाली आहे, त्यातलं एकच लिहिण्याची मला परवानगी आहे. तपासणाऱ्या बाईंनी त्या वाक्याशेजारी लाल शाईत लिहिलं होतं, दुसरं रूप कोणतं, स्पष्ट करावं, आणि त्यासाठी मार्क कापले होते. मुलगी त्याबद्दल भांडायला गेली नाही. मीही गेले नाही. जावंसं खूप वाटलं. त्या बाईंच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरले.

पहिल्या तासाला मी आता ती गोष्ट सांगत नाही. तिच्या जागी सांगायला दुसरं काही सुचलेलं नाही, त्यामुळे सरळ अभ्यासक्रमच वाचून दाखवते. मुलं फोनमध्ये बघत असतात.

काकूंचा नंबर मी आईच्या फोनमध्ये घालून दिला आहे. दोघींनी निघताना फोन करू असं ठरवलं होतं. आठवडे गेले, कुणीच केला नाही. आई फोन हातात घ्यायची, चष्मा लावायची, ठेवून द्यायची. मी विचारलं की म्हणायची, दुपारची झोपली असेल. मग एका रविवारी तिने मला हाक मारून नंबर लावायला सांगितला. पलीकडून काकूंचा आवाज आला. आईने गुडघ्याची चौकशी केली, तिकडे चांगले पोहे मिळतात का ते विचारलं, इकडे मिळत नाहीत म्हणाली. मग त्या काहीतरी बोलत राहिल्या आणि आई नुसती हो, हो म्हणत राहिली. किती वेळ चालणार ते कळेना. मी खोलीत उभीच होते, ऐकत. मग माझ्या लक्षात आलं की हे माझ्यासाठी नाही, आणि मी दार ओढून घेऊन बाहेर आले.